घरच्या अंगणातली उन्हाळी छावणी

मी भिलाईहून बोलतोय. छत्तीसगढमधून मराठी ऐकून काहींना नवल वाटेल. पण दुर्ग, राजनांदगाव, रायपूर या भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काही नागपूरकर भोसल्यांच्या अंमलापासूनची, काही आमच्यासारखी कारखान्यामुळे आलेली. माझे वडील १९५८ साली वर्धा जिल्ह्यातून इथे आले. सोव्हिएत मदतीने पोलाद कारखाना उभा राहत होता. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी माझा जन्म झाला. म्हणजे मी आणि ही वसाहत बरोबरीनेच मोठे झालो म्हणा ना.

मी तोफखान्यात ३२ वर्षं नोकरी केली आणि २०१४ मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो. आज मात्र तोफांबद्दल बोलणार नाही. आज विषय आहे घरच्या घरी मुलांची उन्हाळी छावणी कशी लावायची. आणि ती लावताना मी एक चूक केली, तीही सांगणार आहे. ती ऐकलीत तर माझ्या बोलण्याचं सार्थक झालं.

आधी थोडं मागे जातो. आमच्या लहानपणी सुट्टीचं शिबिर वगैरे काही नव्हतं. सेक्टरमधल्या क्वार्टरला पुढे-मागे अंगण असायचं. रात्री खाटा बाहेर निघायच्या. कारखान्याच्या दिशेचं आकाश लालसर दिसायचं आणि ते बघत झोप लागायची. शेजारी बंगाली, पलीकडे मल्याळी, मागच्या गल्लीत पंजाबी. दिवसभर हुंदडायचं, कैऱ्या पाडायच्या, संध्याकाळी आई हाका मारून दमली की घरी जायचं.

माझ्या मुलांना असं काही मिळालं नाही. निदान माझ्याबरोबर तरी नाही. मी बऱ्याच वेळा फील्डवर, कुटुंब दुसरीकडे. मुलीच्या शाळेच्या बारा वर्षांत मी उन्हाळ्याची संपूर्ण सुट्टी तिच्याबरोबर घालवली ती दोनदा. हा हिशेब माझा नाही, तिचा आहे. तिने तो मला कधी ऐकवला ते पुढे सांगतो.

२०१८ च्या एप्रिलमध्ये तिचा पुण्याहून फोन आला. "बाबा, दोन्ही पोरांना दहा दिवसांच्या शिबिराला घालायचं म्हणजे खिशाला चाट आहे. तुमच्याकडे पाठवू का?" मी म्हटलं, पाठव. बंगळुरूहून मुलाने त्याचाही मुलगा पाठवला. शेजारची चार मुलं आली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी रोज आईबरोबर येऊन पायरीवर बसायची. माझी बायको म्हणाली, "हिलाही घ्या." अशी आठ मुलं झाली, सहा वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंतची.

फौजी माणूस काय करणार? मी प्लायवूडच्या फळीवर वेळापत्रक रंगवलं. शिट्टी आणली. सकाळी फॉल-इन, रोल कॉल, गुण, शेवटी 'बेस्ट कॅडेट'. तिसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या नातवाने विचारलं, "आजोबा, सुट्टी कधी लागणार?" सगळे हसले. मीही हसलो. पण त्याचा अर्थ लक्षात घेतला नाही.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या मे महिन्यात, मी रूट मार्च ठेवला. आमचं घर रिसालीत. मैत्री बाग तिथून चालत जाण्यासारखी आहे. ती १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीची आठवण म्हणून झाली, पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध आहे. तिकडे पायी जायचं, झाडाखाली न्याहारी करायची आणि परत यायचं. जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटर. निघायचं होतं साडेपाचला. कोणाचा बूट सापडेना, कोणाचा डबा तयार नाही, असं करत निघालो साडेसातनंतर. बायको म्हणाली, आज राहू द्या. मी म्हटलं, ठरलं म्हणजे ठरलं.

परतताना दहा वाजून गेले होते. इथलं मे महिन्यातलं दहाचं ऊन म्हणजे काय, ते विदर्भातल्या मंडळींना सांगायला नको. माझी नात तेव्हा नऊ वर्षांची. ती म्हणाली, "आजोबा, डोकं दुखतंय." मी म्हटलं, "थोडंच राहिलंय. शाबास जवान." थोड्या वेळाने तिने तेच पुन्हा सांगितलं. मी तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा तिने काही सांगितलंच नाही. ती गप्प झाली. मला वाटलं, पोरगी कणखर आहे. मग ती रस्त्याच्या कडेला बसली आणि तिला उलटी झाली. चेहरा लालबुंद, पाय लटपटत होते.

तिला सावलीत आडवं केलं, बूट-मोजे काढले, पंचा भिजवून मानेवर, काखेत ठेवला. बाकीच्या पोरांनी टोप्यांनी वारा घातला. एक ऑटो थांबवून दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. संध्याकाळपर्यंत ती ठीक झाली आणि आइस्क्रीम मागू लागली. पण ते तीन-चार तास मी कसे काढले, ते माझं मला माहीत.

रात्री मुलीला फोन करून सगळं सांगितलं. लपवलं नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, ती तुमची जवान नाही, नात आहे. ती दोनदा बोलली होती ना? आमच्या वेळी तुम्ही नव्हतात, त्याचं मी काही म्हणत नाही. दोन सुट्ट्या मिळाल्या आम्हाला तुमच्या. पण आता आहात तर ऐका तरी."

मंडळी, माझ्या नोकरीत मी वरिष्ठांची बोलणी खाल्ली आहेत. पण हे वाक्य जितकं लागलं तितकं कुठलंच लागलं नाही. कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आठही मुलांना बसवलं आणि सांगितलं की काल चूक माझी होती. वेळापत्रकाची फळी उलटी केली आणि मागच्या बाजूला एकच शब्द लिहिला: 'थांबा'. हा शब्द कोणीही, कधीही उच्चारला की सगळ्यांनी थांबायचं. कारण विचारायचं नाही, हसायचं नाही, गुण कापायचे नाहीत. तेव्हापासून आमच्या छावणीत गुण नाहीतच. शिट्टीही मी ठेवत नाही. रोज एक मूल नायक असतं, शिट्टी त्याच्या गळ्यात. मोठ्यांनीही त्याचंच ऐकायचं.

गंमत अशी की पहिल्या दिवशी 'थांबा' वीस-पंचवीस वेळा झालं. पोरं परीक्षा घेत होती, आजोबा खरंच थांबतात का याची. दोन दिवसांनी त्याची गंमत संपली आणि ते फक्त गरजेला येऊ लागलं. मुलाला एकदा खात्री पटली की आपलं ऐकलं जातं, की ते आणखी चार पावलं स्वतःहून चालतं. हे मला साठीला आल्यावर कळलं.

आता छावणी कशी लावायची ते सांगतो.

पहिली गोष्ट वेळ. आमच्याकडे मे महिन्यात सव्वापाच-साडेपाचला सूर्य उगवतो. बाहेरचं सगळं काम साडेपाच ते आठ. आठनंतर अंगणात कोणी नाही. संध्याकाळी साडेपाचनंतर पुन्हा बाहेर. मधला वेळ घरातला: कॅरम, पत्ते, वाचन, दुपारची झोप आणि एक पत्र लिहायचं. पोस्टकार्डावर, हाताने, आईबाबांना. सकाळी निघायला उशीर झाला तर कार्यक्रम रद्द. या नियमाला अपवाद नाही.

दुसरी गोष्ट पाणी. दर वीस मिनिटांनी नायक शिट्टी वाजवतो आणि सगळे पितात, तहान असो वा नसो. साखर-मिठाचं पाणी तयार ठेवा: १ लिटर स्वच्छ पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. कैरीचं पन्हं तर हवंच. आणि लक्षणं पाठ करा. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पायात गोळे, उगाच चिडचिड, किंवा बडबडं मूल एकदम गप्प होणं. यातलं काही दिसलं की सावली, ओली फडकी, वारा आणि घोट-घोट पाणी. मूल बरळू लागलं, शुद्ध हरपू लागली, अंग तापलं तर तोंडाने काही देऊ नका. ओली फडकी आणि वारा चालू ठेवून तडक दवाखाना गाठा.

तिसरी गोष्ट तंबू. विकत आणू नका. दोन बांबू, एक दोर, आजीच्या दोन जुन्या नऊवारी आणि चार खुंट्या. उभा करायला मुलांना पूर्ण सकाळ लागू द्या. पहिला तंबू पडतोच. पडू द्या. आपण वऱ्हांड्यात बसून चहा प्यायचा. हात शिवशिवतात, पण उठायचं नाही. दोराच्या दोन गाठी आधी शिकवा, तेवढ्या पुरतात.

चौथी गोष्ट नकाशा. टेपने १०० मीटर मोजा आणि प्रत्येकाने आपली किती पावलं होतात ते मोजावं. सहा वर्षांच्या मुलाची वेगळी, अकरा वर्षांच्याची वेगळी. मग गल्लीचा नकाशा पावलांनी काढायचा. कोणता आंबा, कुठे बहावा फुलला, कोणत्या फाटकामागे कुत्रा आहे, सगळं त्यात यायला हवं. तोफखान्यात अंतर चुकलं तर काय होतं ते मला माहीत आहे. इथे चुकलं तर फार तर कुत्रा भुंकतो.

पाचवी गोष्ट निरीक्षण. ताटात वीस वस्तू मांडा: किल्ली, लवंग, बटण, चिंचोका, काहीही. एक मिनिट दाखवा, फडक्याने झाका आणि आठवून लिहायला सांगा. हा खेळ किपलिंगच्या 'किम' कादंबरीमुळे प्रसिद्ध झाला, म्हणून त्याला किमचा खेळ म्हणतात. स्काउटमध्ये तो अजून खेळतात. आमच्याकडे यात माझी बायको सगळ्यांना हरवते.

सहावी गोष्ट आकाश. रात्री गच्चीवर गाद्या टाका. मे महिन्यात रात्री आठ-नऊच्या सुमाराला सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. त्यांच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ वाढवली की ध्रुव सापडतो. आता हात ताठ पुढे करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. भिलाईत ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींवर दिसतो, कारण आपण साधारण २१ अंश अक्षांशावर आहोत. बंगळुरूच्या नातवाला मी म्हटलं, घरी जाऊन मोज. त्याने फोन करून सांगितलं, "आजोबा, इथे एक मूठ आणि थोडासाच!" भूगोलाच्या पुस्तकातला अक्षांश त्याच्या हातात आला.

तसाच शून्य सावलीचा दिवस. भिलाईत तो मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो, दुपारी बाराच्या सुमाराला. पुण्यात त्याच्या जवळपास दोन आठवडे आधी. अंगणात स्टीलचा पेला पालथा ठेवायचा आणि वऱ्हांड्याच्या सावलीतून बघायचं. पेल्याची सावली पेल्याखालीच नाहीशी होते. तेवढ्या दोन मिनिटांसाठी दुपारी बाहेर डोकावायची परवानगी आहे, तीही छत्री घेऊन.

आता खेळ. यात मी शिकवणारा नाही, शिकणारा आहे. पायरीवर बसणारी ती मुलगी पहिले दोन दिवस बोललीच नाही. पुण्याची पोरं मराठीत बोलायची, ती छत्तीसगढीत. तिसऱ्या दिवशी लगोरी मांडली आणि ती म्हणाली, "ये तो पिट्ठुल आय." मग यादी सुरू झाली. भोवरा म्हणजे भौंरा, गोट्या म्हणजे बाटी, ठिकरीला बिल्लस. फुगडीचं तर नावही तेच. फक्त इकडे ती उकिडवं बसून पाय मागेपुढे करत खेळतात, आपल्या बसफुगडीची बहीणच. दुसऱ्या दिवशी तिचे वडील बांबूच्या दोन गेड्या करून घेऊन आले. गेडी म्हणजे बांबूवर पाय ठेवायला पायऱ्या बांधून त्यावर चालायचं. इथे हरेलीच्या सणाला मुलं गेडी चढतात. आपल्या पंचांगाप्रमाणे ती आषाढातली अमावास्या, दिव्यांची अवस. माझा बंगळुरूचा नातू, स्केटिंगमध्ये पदकं मिळवणारा, गेडीवरून सात वेळा पडला. ती मुलगी एका दमात फाटकापर्यंत गेली. त्या दिवसापासून ती पायरीवर बसली नाही.

जेवणही तसंच. एके सकाळी तिच्या आईने बासी केली. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा, मीठ, चटणीबरोबर खायचा. उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्यांची ही न्याहारी आहे. आधी पोरांनी नाकं मुरडली, मग पातेलं संपलं.

इथे मला एक जुनी छावणी आठवते. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल या फौजी अधिकाऱ्याने २० मुलांची छावणी भरवली. स्काउट चळवळ तिथून सुरू झाली. त्याने आधी सैनिकांसाठी पुस्तक लिहिलं होतं आणि ते मुलंच वाचू लागली, म्हणून त्याने हा प्रयोग केला. त्या २० मुलांत मोठ्या घरची होती आणि कामगारांची होती. पाच-पाच जणांच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीचा पुढारी मुलांमधलाच. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं गुरं चारायला जातात ना, मग शाळाच कुरणात न्यायची. दोघांनीही मुलं जिथे होती तिथून सुरुवात केली. मी मात्र पहिल्या वर्षी मुलांना माझ्या परेड ग्राउंडवर ओढत होतो.

काही जण म्हणतील, कर्नलसाहेब, तुमच्याकडे अंगण आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. बरोबर आहे. पण सोसायटीची गच्ची आहे, पहाटेची बाग आहे, बाल्कनीत एक कुंडी आहे. नकाशा जिन्याचाही काढता येतो. दोघंही नोकरीला जात असाल तर शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, एवढीच छावणी करा. दोन मुलं पुरतात. एक मात्र करा, त्यातलं एक मूल आपल्या घरातलं नसू द्या. आणि मोठ्या माणसांचे फोन डब्यात ठेवा, एकच चालू असू द्या. मुलांना फोन सोडायला सांगून आपण त्यात डोकं घातलं तर छावणी तिथेच संपली.

आणखी एक. कामं खरी द्या. नाटकी नकोत. झाडांना पाणी, भाजी आणायची, पैशांचा हिशेब लिहायचा, रात्री गच्चीचं दार लावलं का ते बघायचं. सहा वर्षांच्या नातवाकडे मी फाटकाची कडी दिली होती. आज तो तेरा वर्षांचा आहे, पण आला की आधी कडी तपासतो.

करोनाच्या दोन उन्हाळ्यांत खंड पडला. २०२२ पासून पुन्हा सुरू केलं. काही मुलं मोठी झाली, नवी आली. आता शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

गेल्या उन्हाळ्यात ती नात पंधरा वर्षांची होती. त्या दिवशी शिट्टी तिच्या गळ्यात होती. तंबूच्या बांबूसाठी मी पहारीने खड्डा खणत होतो. मुलं कधीच आत गेली होती, मी एकटाच राहिलो होतो. आठ वाजून गेले होते, ऊन वर आलं होतं. दोन वर्षांपासून मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. ती बाहेर आली आणि म्हणाली, "आजोबा, थांबा." माझ्या तोंडून निघून गेलं, "थोडंच राहिलंय गं."

ती काही बोलली नाही. पाण्याचा तांब्या पुढे करून उभी राहिली. तिला २०१९ ची सकाळ आठवत होती की नाही, मी विचारलं नाही. मला मात्र आठवली. मी पहार खाली ठेवली आणि आत गेलो. त्या दिवशी वऱ्हांड्यात तिची आईही होती, माझी मुलगी. चार दिवसांची रजा काढून आली होती. तिने सरकून मला चटईवर जागा करून दिली. दुपारभर आम्ही दोघं पत्ते खेळलो. तिच्या शाळेच्या सुट्टीत राहून गेलेलं ते होतं.

तर मंडळी, या उन्हाळ्यात तीन दिवस काढा. दोन बांबू, एक दोर आणि जुनी साडी एवढ्यावर सुरुवात होते. आणि पहिल्याच दिवशी मुलांना तो एक शब्द देऊन ठेवा.

जय हिंद.